मदत हवी आहे : टाटा १६१३ ट्रकचं कमिन्स ५.९ इंजिन – बोअर मारावं, स्लीव्ह घालावी की इंजिनच बदलावं?

मंडळी, नमस्कार.

प्रश्न लांबलचक आहे, पण माहिती अर्धवट दिली तर उत्तरंही अर्धवट मिळतील म्हणून सगळं लिहितो.

गाडी टाटा १६१३, मॉडेल २००८, बीएस २. इंजिन कमिन्सचं सहा सिलिंडर ५.९ लिटर, टर्बोवालं. डिझेलचा पंप इनलाइन, वायरिंगची भानगड नाही. धंदा जांभ्या चिऱ्याचा. संगमेश्वर तालुक्यातल्या खाणींवर गाडी भरायची, साखरप्यावरून आंबा घाट चढायचा आणि मलकापूर-कोल्हापूरकडे माल उतरवायचा. एकेक चिरा तीस किलोच्या वर. म्हणजे घाट नेहमी भरल्या गाडीने चढायचा आणि रिकाम्या गाडीने उतरायचा. इंजिनाची खरी परीक्षा जिथे होते, तिथेच आमची रोजची खेप.

गाडी वडिलांनी नवी घेतली होती. घर याच गाडीवर उभं राहिलं. वडील आता थकलेत, तरी संध्याकाळी गाडी अंगणात आली की नुसत्या आवाजावरून कुठली टॅपेट वाजतेय ते सांगतात. तेव्हा ‘भंगारात काढा आणि नवी घ्या’ हा सल्ला कृपया देऊ नका. हप्ता काढायची आत्ता ऐपत नाही, आणि गाडीची चासी अजून चांगली आहे.

तक्रारी अशा. ऑइल फिलरचं झाकण उघडलं तर आतून धूर आणि हवा जोरात बाहेर येते, ब्रीदरच्या (इंजिनातली हवा बाहेर सोडणाऱ्या) नळीतून तेलाचे थेंब. दर खेपेला वरून तेल घालावं लागतं. सकाळी सुरू केल्यावर पाच मिनिटं निळसर-पांढरा धूर. घाटात दुसऱ्या गिअरला काटा लालच्या जवळ जातो, दख्खन गावाच्या पुढे दोनदा गाडी बाजूला घ्यावी लागली. रेडिएटरमधलं पाणी मात्र कमी होत नाही, आणि तेलात पाणी दिसत नाही.

तीन फिटरांना दाखवली. पहिला म्हणाला, रिंगा आणि बेअरिंग टाकू, चालेल. दुसरा म्हणाला, बोअर (सिलिंडरचं भोक) खाल्लंय, ब्लॉकला स्लीव्ह (आत घट्ट बसणारी नळी) मारून स्टँडर्ड पिस्टन टाकू, १ लाख ६० हजार लागतील. तिसरा म्हणतो, जुन्या बाजारातून हाफ इंजिन (हेडशिवायचा खालचा भाग) उचल. तिघंही अनुभवी, तिघांचं तीन दिशांना तोंड.

पावसाळ्यात खाणी बंद असतात, तेवढ्यात काम उरकायचं आहे. या इंजिनाचा ज्यांना अनुभव आहे त्यांनी सांगा : यात मुळात लाइनर (सिलिंडरमधली बदलता येणारी नळी) नसतात हे खरं का? नसतील तर बोअर मारलेला ब्लॉक टिकतो का?

*

प्रतिसाद १

दादा, बरोबर ऐकलंत. कमिन्सच्या बी सीरिजच्या या इंजिनाला काढता-घालता येणारे लाइनर नाहीत. सिलिंडर थेट ब्लॉकच्या ओतकामातच कोरलेला असतो. बोअर १०२ मिलिमीटर, स्ट्रोक १२०, सहा सिलिंडरचे मिळून साधारण ५८८३ सीसी. फायरिंग ऑर्डर १-५-३-६-२-४. टायमिंगला बेल्ट किंवा चेन नाही, सगळं गिअरवर.

लाइनर नाही म्हणून इंजिन कमी प्रतीचं, असं आपल्याकडचे जुने फिटर बोलतात. ते चूक आहे. हेच इंजिन १९८९ पासून अमेरिकेत डॉज कंपनीच्या पिकअपमध्ये बसलं, तिथे ते १६० हॉर्सपॉवरला लावलेलं होतं. तुमच्या गाडीच्या नावातला शेवटचा १३ म्हणजे १३० हॉर्सपॉवर. म्हणजे लोखंडाला बऱ्यापैकी सवड ठेवलेली आहे.

ब्लॉक दुरुस्त करायची सोयही मुळातच ठेवली आहे. ०.५ आणि १.० मिलिमीटर ओव्हरसाइज (मूळ मापापेक्षा तेवढे मोठे) पिस्टन मिळतात, बोअर त्या मापाला वाढवायचं. दोन्ही संपले की मगच स्लीव्ह. पहिल्याच वेळी स्लीव्ह मारणं म्हणजे हातातल्या दोन संधी फुकट घालवणं. आणि नुसत्या रिंगा टाकण्याचा सल्ला बोअर मोजल्याशिवाय ऐकू नका. घासून अंडाकृती झालेल्या बोअरमध्ये नवी गोल रिंग बसत नाही.

प्रतिसाद २

मी एसटीच्या वर्कशॉपमध्ये होतो, आता निवृत्त. माझं म्हणणं जरा वेगळं आहे. इंजिन उघडायच्या आधी दोन गोष्टी तपासा, कारण झाकणातून हवा येते म्हणजे रिंगाच गेल्या असं नव्हे.

एक, ब्रेकचा एअर कॉम्प्रेसर. तो इंजिनाच्या गिअरवर चालतो आणि इंजिनाचंच तेल पितो. त्याच्या रिंगा गेल्या की त्याची हवा सरळ क्रँककेसमध्ये उतरते. टाकीत हवा भरत असताना फिलरवर हात धरा. हवा भरून अनलोडरने (जादा हवा सोडणाऱ्या व्हॉल्व्हने) ‘फुस्स’ केलं, की त्या क्षणी फिलरमधला जोर कमी होतो का बघा. झाला तर चोर कॉम्प्रेसर आहे. एअर टाकीचा ड्रेन उघडून पाण्याबरोबर काळं तेल येतंय का तेही बघा.

दोन, टर्बो. त्याची सील झिजली की गरम हवा तेलाच्या परतीच्या नळीतून खाली ब्लॉकमध्ये येते. ती नळी सोडवून डब्यात घ्या, ब्लॉककडचं तोंड बुचाने बंद करा आणि मिनिटभर नुसत्या आयडलवर बघा. जास्त वेळ नको.

या दोन्हींत काही निघालं नाही, तर मग सहाही सिलिंडरचं कॉम्प्रेशन. आणि बाळा, एवढ्या वर्षांत वडिलांच्या कानाने जे सांगितलं ते फिटरला सांगत जा. त्यांनी गाडी ऐकलेली आहे.

प्रतिसाद ३

चिरेखाण म्हटल्यावर मला पहिली शंका धुळीची. एअर क्लीनरपासून टर्बोपर्यंतचा रबरी होज पूर्ण काढून उजेडात वाकवून बघा. घडीत बारीक चीर असते, वरून दिसत नाही. मग टर्बोच्या पुढच्या चाकाची पाती बोटाने तपासा. पात्यांच्या कडा पातळ आणि गुळगुळीत झाल्या असतील तर माती आत जात होती हे नक्की. कारण न शोधता नवं बोअर मारलंत तर वर्षभरात परत इथेच याल. आमच्या सिंधुदुर्गात चिऱ्याच्या गाड्यांना हे दुखणं नेहमीचं.

*

धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. तीन दिवस गाडीखालीच होतो म्हणून उत्तर उशिरा देतोय.

काका, तुमची कॉम्प्रेसरची तपासणी केली. ‘फुस्स’ झाल्यावर जोर थोडा कमी होतो, पण थोडाच. एअर टाकीतून चमचाभर तेल निघालं. म्हणजे कॉम्प्रेसरला रिंगा लागणार, पण मूळ दुखणं ते नाही. टर्बोची नळी सोडूनही धूर तसाच.

होज काढला आणि धागा लिहिल्याचं सार्थक झालं. क्लिपच्या मागे, घडीच्या पोटात, बोटभर लांब चीर. आत हात फिरवला तर तांबडी माती. टर्बोच्या पात्यांच्या कडा ब्लेडसारख्या झाल्यात. फिल्टर आम्ही वेळेवर बदलत होतो, आणि माती मात्र फिल्टरनंतरच्या या चिरेतून आत जात होती. वडिलांना होज दाखवला. बराच वेळ हातात धरून बसले. म्हणाले, दोन वर्षांपूर्वी टर्बोच्या शिट्टीचा आवाज बदलला होता, तेव्हाच बघायला हवं होतं.

घाटात तापण्याचं कारणही अर्धं सापडलं. रेडिएटरच्या जाळीत तांबडी माती आणि ब्रीदरचं तेल यांचा थर बसून त्याची वीट झाली होती. प्रेशर मारून उपयोग नव्हता, रेडिएटर उतरवून धुवावा लागला.

हेड काढून बोअर मोजून घेतले. पाच सिलिंडर १०२.२० ते १०२.३० च्या मध्ये, आणि सहावा वरच्या बाजूला १०२.४६. क्रँक चांगला आहे, स्टँडर्ड बेअरिंगवरच बसेल असं लेथवाला म्हणाला. आता प्रश्न एकच : पाच ०.५ मध्ये साफ होतील, पण सहावा होईल का? की सहाही थेट १.० ला न्यावेत?

प्रतिसाद २

१०२.४६ म्हणजे ०.५ च्या १०२.५० या मापापर्यंत बोअरिंग आणि होनिंगला (शेवटच्या बारीक घासाईला) मिलिमीटरचे चार शतांश उरतात. झीज एका बाजूला जास्त असेल तर ०.५ मध्ये ओरखडा राहणार. सहाही १.० ला नेले तर पुढच्या वेळी फक्त स्लीव्ह उरते. माझ्या मते पाच ०.५ ला न्या, सहाव्याला एकट्याला स्लीव्ह मारा आणि तिचंही बोअर ०.५ च्याच मापाला काढा, म्हणजे सहाही पिस्टन एका वजनाचे राहतील. स्लीव्ह चांगल्या मशिनवाल्याकडेच, कारण ती ब्लॉकला घट्ट चिकटून बसली नाही तर उष्णता बाहेर पडत नाही आणि तोच सिलिंडर पहिला जाम होतो.

होनिंगनंतर ब्लॉक डिझेलने पुसून चालणार नाही. गरम पाणी, साबण, ब्रश, आणि पांढरं फडकं पांढरं राहीपर्यंत. लगेच तेल लावा, नाहीतर कोकणच्या पावसात तासाभरात गंज धरेल. पिस्टनखाली तेल उडवणारे जेट साफ आहेत ना तेही बघा. टॅपेटची फट थंड इंजिनावर, इनलेट ०.२५ आणि एग्झॉस्ट ०.५० मिलिमीटर.

प्रतिसाद १

एक राहिलं. पुढचं टायमिंग कव्हर उघडणारच आहात, तर गिअर केसमधली बारीक स्टीलची डॉवेल पिन बघा. ब्लॉक आणि गिअर केस यांची जागा धरणारी. थरथरीने ती बाहेर सरकून गिअरमध्ये पडल्याची उदाहरणं या इंजिनात जगभर आहेत. शेजारच्या बोल्टखाली छोटी पट्टी दाबून तिचं तोंड अडवतात. दहा मिनिटांचं काम, पण कव्हर उघडं असतानाच होतं.

धागाकर्ता

पिन पाहिली. दोन-तीन मिलिमीटर बाहेर आलेली होती. पट्टी मारली. ब्लॉक उद्या कोल्हापूरला बोअरिंगला जातोय, पाच ०.५ आणि सहाव्याला स्लीव्ह असंच सांगितलंय. वडील बरोबर येणार म्हणतायत. होज मी नवा आणलाय, जोडायच्या आधी त्यांनी तो दोनदा वाकवून पाहिला.