खून पान १२ वर, प्रेम पान १४२ वर

पानउलट्या
परवा रात्री एक रहस्यकादंबरी हातात होती. पान १२ वर खून. पुढची सव्वाशे पानं अशी की झोप कुठल्या कुठे पळाली. आणि पान १४२ वर तपास करणाऱ्या बाई आणि शवविच्छेदन करणारा डॉक्टर एका छत्रीखाली! पाऊस. त्याच्या पापणीवर एक थेंब. तो थेंब खाली पडायला लेखकाने दोन पानं घेतली हो. तिकडे प्रेत शवागारात ताटकळतंय आणि बाईंच्या काळजात धडधड.

मला प्रेमकथा सोसत नाहीत. पाच मिनिटं सरळ बोलले असते तर मिटला असता असा गैरसमज, मग अबोला, मग शेवटी कुणीतरी कुणामागे धावत सुटणार. म्हणून मी त्या कपाटाकडे फिरकतही नाही, तर हे लोक बाकीच्या पुस्तकांतही घुसतात. मी सरळ पानं उलटतो. काही अडत नाही. तुम्ही काय करता?

सावकाश
अडतं. मीही तुमच्याच पंथातला होतो. एका रहस्यकथेत अशीच एक रात्र मी उलटून टाकली. शेवटी खुनी डावखुरा निघाला आणि मी लेखकाच्या नावाने शंख केला, की आधी एका शब्दाने सांगितलं नाही! मागे जाऊन पाहिलं तर त्याच रात्री त्याने घड्याळ काढून उशाशी ठेवलं होतं. उजव्या मनगटातलं.

पानउलट्या
वा, हे आवडलं. पण मग तिथे प्रेम कामाला लावलं होतं ना? माझी तक्रार बिनकामाच्या प्रेमाबद्दल आहे. कथानक थांबवून बसतं त्याबद्दल.

खवचट_खार
कथानक थांबतं म्हणे! तलवारबाजी वीस पानं चालते, कोण कुठल्या फळीतून घुसला याचे नकाशे छापलेले असतात, तेव्हा कुणाला वाटत नाही कथानक थांबलं. दोन माणसं दोन पानं एकमेकांकडे बघतात तेव्हाच नेमकी घाई होते. हा कंटाळा नाही, आढ्यता आहे. प्रेमकथा म्हणजे बायकांचं वाचन, असा जुनाच शिक्का आहे तो. फक्त तुम्ही तो सभ्य भाषेत मारताय.

पानउलट्या
नकाशेही उलटतो मी. शिक्का मात्र परत घ्या.

खवचट_खार
नाही घेणार. :-)

काठावरची
दोघंही ‘प्रेमकथा’ आणि ‘प्रेम असलेली कथा’ यांची खिचडी करताय. अमेरिकेतल्या रोमान्स लेखकांच्या संघटनेने या प्रकाराला दोनच अटी घातल्यात: प्रेम मध्यवर्ती हवं आणि शेवट समाधानाचा, आशेचा हवा. पानउलट्या, तुम्हाला खुपते ती दुसरी अट असावी. शेवट आधीच ठाऊक, मग मधला सगळा खटाटोप लुटुपुटीचा वाटतो.

विश्राम बेडेकरांची ‘रणांगण’ (१९३९) घ्या. जहाज, चक्रधर, आणि जर्मनीतून परागंदा झालेली ज्यू हेर्टा. यातलं प्रेम उलटून पुढे गेलात तर हातात प्रवाशांची यादी उरेल. शेवट कुठल्याही आशेचा नाही. मला रोमान्स अजिबात आवडत नाही, आणि हे पुस्तक मी तीनदा वाचलंय.

सावकाश
पण गोड शेवट म्हणजे लुटुपुटीचं, हे काही पटलं नाही. जेन ऑस्टिनची ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ (१८१३) दोन्ही अटींत चपखल बसते. तरी तिचं मूळ दुखणं मालमत्तेचं आहे. पाच मुली, आणि इस्टेट जाणार दूरच्या पुरुष नातेवाइकाकडे. नायिकेची मैत्रीण शार्लट सत्ताविसाव्या वर्षी त्याच माणसाशी लग्न करते, डोक्यावर छप्पर हवं म्हणून. त्याच्या बडबडीसकट. मला त्या कादंबरीतली सगळ्यात अंगावर येणारी जागा तीच वाटते, आणि ती कळते ती शेजारी खरं प्रेम चालू असतं म्हणूनच. रहस्यकथेत खुनी सापडणार हे तरी कुठे गुपित असतं?

परका_पाहुणा
माझं जरा वेगळं आहे. मी आजवर कुणाच्या प्रेमात पडलेलो नाही आणि त्याची रुखरुखही नाही. त्यामुळे ‘त्याचा हात लागला आणि ती शहारली’ हे मी न पाहिलेल्या मुलखाचं प्रवासवर्णन वाचावं तसं वाचतो. लेखक चांगला असेल तर पत्ता लागतो. वाईट असेल तर सगळीकडे तेच शहारणं.

एक मात्र पानउलट्यांच्या बाजूने बोलतो. कादंबरीत एक पुरुष आणि एक बाई महिनाभर एकत्र काम करताहेत आणि शेवटपर्यंत नुसतेच सहकारी राहिले, असं किती वेळा वाचायला मिळतं? जोडी जमवल्याशिवाय लेखकाला चैनच पडत नाही. चिडचिड होते ती त्याची.

पानउलट्या
हेच! हेच मला म्हणायचं होतं, नीट जमलं नाही. प्रेमाला ना नाही, सक्तीला आहे.

काठावरची
मग मघाचं ‘कामाला लावलेलं प्रेम’ मागे घ्या. ते उपयोगी पडलंच पाहिजे हीपण सक्तीच की.

पानउलट्या
अर्धं घेतो.

खवचट_खार
ते राहू द्या. डॉक्टरच खुनी आहे का?

पानउलट्या
अजून संपलेलं नाही. पण सावकाश यांच्या घड्याळाने डोकं पोखरलं म्हणून मागे जाऊन ती दोन पानं वाचली. थेंब पडल्यावर डॉक्टर म्हणतो, “त्या रात्रीही असाच पाऊस होता.” कुठल्या रात्री? खून दिवसा झाला की रात्री, ते याच्याच अहवालातून कळायचंय, आणि अहवाल येतो पान १६० वर.

आता पुन्हा १२ पासून वाचतोय. कुणी काही फोडू नका.