बाबांच्या ड्रेनमध्ये हिरवं पाणी (फॅमिली ग्रुप)

दादा: यकृताच्या ऑपरेशननंतर बाबांच्या पोटात ठेवलेल्या नळीच्या (ड्रेनच्या) पिशवीत कालपासून हिरवट-पिवळं पाणी येतंय. डॉक्टर म्हणाले, बाइल लीक, म्हणजे पित्त गळतंय. पाणी तपासलं. त्यातलं बिलिरुबिन (पित्तातला पिवळा रंग) 14, रक्तातलं 1.8. सीटी झालं. उद्या ईआरसीपी करून, म्हणजे तोंडातून दुर्बीण घालून, पित्तनळीत स्टेंट (बारीक नळी) टाकणार. फोन नका करू, इथेच विचारा.

आत्या: अरे देवा. कॅन्सर आधी आतड्याचा, मग यकृतात गेला, आता पुन्हा पसरला का रे?

ताई: नाही आत्या, याचा कॅन्सरशी संबंध नाही. यकृताचा उजवा भाग कापला ना, तिथे पित्ताच्या बारीक नळ्यांची तोंडं बांधलेली असतात. एखादं नीट मिटत नाही आणि तिथून पित्त झिरपतं. ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी किंवा पुढे ड्रेनमधलं बिलिरुबिन रक्तातल्याच्या तिप्पट किंवा जास्त आलं, की लीक धरतात. आमच्या वॉर्डात असे पेशंट येतात. स्टेंटमुळे पित्ताला आतड्याकडे जायला सोपी वाट मिळते, मग गळणारी जागा हळूहळू भरते. पिशवी मात्र काही आठवडे राहू शकते, घरीसुद्धा.

वहिनी: ताई, डोळे पिवळसर वाटतात मला.

ताई: 1.8 ला थोडे वाटू शकतात. खरी भीती असते ती उरलेलं यकृत काम करेनासं होण्याची. पाचव्या दिवशी बिलिरुबिन 3 च्या वर आणि प्रोथ्रॉम्बिन (रक्त गोठण्याची चाचणी) 50 टक्क्यांच्या खाली, दोन्ही एकदम, असं असेल तर डॉक्टर धास्तावतात. दादा, त्याच चाचणीतला आयएनआर किती?

दादा: 1.3.

ताई: मग ठीक. ऑक्सॅलिप्लॅटिन या केमोच्या औषधाने यकृत आधीच थकलंय, म्हणून सावकाश चालणार. केमो झालेलं असलं तर निदान 30 टक्के यकृत मागे ठेवावं लागतं, बाबांचं त्याहून जास्त ठेवलंय. ते वाढतंही.

नंदूकाका: अण्णासाठी गुळवेलीचा काढा करून आणतोय. लिव्हरला अमृत आहे.

ताई: काका, अजिबात नको. 2021 मध्ये मुंबईच्या यकृततज्ज्ञांनीच गुळवेल घेतलेल्या लोकांत यकृताला इजा झाल्याचं छापलंय. आयुष मंत्रालयाला ते पटलं नाही, पण तो वाद बाबांच्या पोटात कशाला? डॉक्टरांनी लिहून दिलेलं सोडून काहीही नाही. डोकेदुखीची गोळीसुद्धा घरची नको.

नंदूकाका: बरं बाई. तू नर्स, आम्ही अडाणी.

ताई: काका 🙏 रागावू नका हो.

मामी: भेटायला कधी येऊ?

दादा: मामी, आत्ता नकोच. सर्दी-खोकला असलेलं तर कुणीच नको.

ताई: रात्री थांबेल त्याने लक्षात ठेवा: थंडी वाजून ताप, पिशवीत लाल रंग, पोट टम्म होणं, किंवा बाबा असंबद्ध बोलायला किंवा फार गुंगीत जायला लागले, तर सकाळची वाट पाहू नका. सिस्टरला तेव्हाच उठवा. आणि ते तीन चेंडूंचं यंत्र करतात का?

वहिनी: करतात की, जोरात फुंकतात.

ताई: फुंकायचं नाही गं, श्वास आत ओढायचा! यकृताच्या ऑपरेशननंतर उजव्या छातीत पाणी साठतं, फुफ्फुसाचा खालचा भाग मिटतो, त्यासाठी आहे ते. जागेपणी दर तासाला करून घे.

दादा: आज रात्री कोण?

नंदूकाका: मी येतो. काढा घरीच ठेवतो.

ताई: 😄 शाल घ्या, एसी फार असतो तिथे.