मदत हवी आहे: विंडोज १० बंद झालं, घरच्या पीसीत आता काय टाकू? (अर्जंट)

पेटीवाला_देवगड
घरच्या पीसीवर विंडोज १० आहे. ते बंद झालं असं सगळीकडे वाचतोय आणि आता खरोखरच एकही साईट उघडत नाही. ११ टाकायला गेलो तर या पीसीवर चालणार नाही म्हणतंय. पंधरा दिवसांत आंब्याच्या पेट्या सुरू होतील, ऑर्डरी सगळ्या याच मशीनवर. विंडोजऐवजी फुकटातलं लिनक्स टाकू का? कुठलं? थोडक्यात सांगा, वेळ नाही.

चिपळूणकर
लिनक्स मिंट, एक्सएफसीईवालं, म्हणजे जुन्या मशीनला झेपणारं हलकं. डोळे मिटून टाका. २०२१ च्या जुलैत वाशिष्ठी घरात शिरली, पीसीत गाळ भरला. नंतर ४ जीबी रॅमचं जुनं मशीन घेतलं, तेव्हापासून मिंट. मुलगी अभ्यास करते, बायको पासबुक बघते, कुणाची तक्रार नाही. मिंट २२ ला २०२९ पर्यंत अपडेट आहेत.

मालवणी_गजाली
अरे, प्रोसेसर खयचो? रॅम किती? हार्डडिस्क की एसएसडी? ता आधी लिव.

पेटीवाला_देवगड
काळं कॅबिनेट आहे, असेंबल केलेलं. भावाने २०१४ ला दिलं. रॅम पुरेशी आहे.

मालवणी_गजाली
पुरेशी म्हणजे? रॅम काय पेज आसा?

रत्नांग्रीचा_करसल्लागार
२०१४ चं म्हणजे ११ विसरा. त्याला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते आणि इंटेल असेल तर साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर. पण १० 'बंद झालं' म्हणजे मशीन चालायचं थांबलं असं नाही. १४ ऑक्टोबर २०२५ ला नेहमीचे सुरक्षा-अपडेट थांबले, एवढंच. घरगुती वापरासाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव अपडेट घेता येतात. आवृत्ती २२एच२ हवी. मायक्रोसॉफ्टच्या खात्यानं लॉगिन करून सेटिंग्ज सिंक केल्या की पैसेही पडत नाहीत. मी स्वतः ११ वर आहे, कारण हिशेबाचं टॅली आणि डिजिटल सहीचं टोकन. लिनक्सवर ही दोन्ही कामं घेऊन बसलात तर मे महिना उजाडेल.

चिपळूणकर
त्यांनी टॅलीचं नाव तरी काढलंय का?

रत्नांग्रीचा_करसल्लागार
मग बिलं कशात करतात? केळीच्या पानावर?

पेटीवाला_देवगड
एक्सेलमध्ये. बाबा गिऱ्हाइकांचे पत्ते मराठीत टाकतात, श्रीलिपीत. त्यावरूनच पेटीवर लावायची लेबलं छापतो. अकराशे पत्ते आहेत.

चिपळूणकर
हे पहिल्या पोस्टमध्ये लिहायचं होतं हो!

रत्नांग्रीचा_करसल्लागार
बघा. श्रीलिपी हे मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर विंडोजवरचं. पत्ते युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही मशीनवर वाचता येणाऱ्या मराठीत नसतील तर तो फॉन्ट नसलेल्या मशीनवर सगळं अगम्य दिसेल. 'साळवी' ऐवजी भलतीच चिन्हं. आणि ती छापून तुम्ही मुंबईला पाठवाल.

चिपळूणकर
फॉन्टची फाईल मिंटमध्येही टाकता येते, अक्षरं दिसतात. फक्त टायपिंगची सोय वेगळी करावी लागते. खरं तर अकराशे पत्ते कन्व्हर्टरमधून काढून युनिकोडमध्ये आणा. युनिकोड मराठी टाइप करायचा इनस्क्रिप्ट कीबोर्ड विंडोजमध्येही आहे आणि लिनक्समध्येही. एकदा शिकलं की जन्माची कटकट संपली.

पेटीवाला_देवगड
बाबा ७१ वर्षांचे आहेत. तुम्ही येऊन शिकवा.

गुहागर_ते_गोरेगाव
एवढा त्रास कशाला? मॅक मिनी घ्या. मी सहा वर्षं मॅकवर आहे, एकदाही फॉरमॅट करावा लागला नाही. बाय द वे, यंदा पाच डझनाची पेटी काय भावाने जाईल? गोरेगावला पोच मिळेल का?

तारकर्लीची_वहिनी
आमच्या होमस्टेच्या जुन्या लॅपटॉपवर विंडोज काढून गुगलचं क्रोमओएस फ्लेक्स टाकलंय. फुकट आहे. बुकिंग, मेल, व्हॉट्सॲप, संध्याकाळी सासूबाईंची सिरियल, सगळं ब्राउझरमध्येच तर असतं. पण एक्सेल आणि श्रीलिपी पाहता दादा, तुमच्या कामाचं नाही.

जुना_खेळाडू
रॅम काढून तिच्या पट्ट्या खोडरबरने हलक्या हाताने घासा. खाऱ्या हवेने काळ्या पडतात. आमच्याकडे दर पावसाळ्यानंतर करतो.

चिपळूणकर
त्यांचं मशीन सुरू होतंय हो काका.

जुना_खेळाडू
आज होतंय.

हर्णैचा_हेलपाटा
जरा थांबा सगळे. पेटीवाले, 'साईट उघडत नाही' म्हणजे नक्की काय येतं पडद्यावर? आणि खाली उजव्या कोपऱ्यात तारीख कुठली आहे?

पेटीवाला_देवगड
इंग्रजीत काहीतरी येतं, घड्याळ मागे आहे वगैरे. ते मी लगेच बंद करतो. तारीख १ जानेवारी २०१४. ती रोजच चुकते. विजेच्या भीतीने रात्री भिंतीवरचं बटण बंद करतो ना. बाबा म्हणतात, तारखेला कालनिर्णय आहे की.

हर्णैचा_हेलपाटा
सुरू करताना एफ१ दाबायला सांगतं?

पेटीवाला_देवगड
हो, रोज दाबतो. दिवाळीपासून.

हर्णैचा_हेलपाटा
विंडोजला काही झालेलं नाही, सेल गेलाय. मदरबोर्डवर रुपयाएवढा गोल सेल असतो, सीआर२०३२. भिंतीवरचं बटण बंद केलं की घड्याळ त्याच्यावर चालतं. तो मेला की मशीन २०१४ मध्ये जातं. आता प्रत्येक साईटचं प्रमाणपत्र ठरावीक तारखांपुरतं असतं. २०१४ मधल्या मशीनला आजचं प्रमाणपत्र 'अजून सुरूच झालेलं नाही' असं दिसतं, म्हणून ब्राउझर दार उघडत नाही. दिवाळी आणि विंडोज १० ची मुदत एकाच महिन्यात आली, तुमचा समज तिथेच झाला.
पीसी बंद करून वायर काढा. जुना सेल काढायच्या आधी कुठली बाजू वर आहे त्याचा फोटो घ्या. घड्याळवाल्याकडे शंभराच्या आत मिळेल. मग एकदा तारीख-वेळ हाताने बरोबर लावा.

गुहागर_ते_गोरेगाव
पण इंटरनेटवरून वेळ आपोआप नीट होत नाही का?

हर्णैचा_हेलपाटा
थोडा फरक असेल तर होते. पंधरा तासांपेक्षा जास्त असेल तर विंडोज स्वतःहून हात लावत नाही. इथे बारा वर्षं आहेत.

रत्नांग्रीचा_करसल्लागार
सेल बदललात की ती वाढीव अपडेटची नोंदणी लगेच करा. अकराशे पत्त्यांची फाईल पेनड्राइव्हवर घ्या, आजच.

चिपळूणकर
आणि ऑक्टोबर २०२६ नंतर? तेव्हा परत हाच धागा वर येईल. सिझन संपला की मिंट पेनड्राइव्हवरून नुसतं चालवून बघा, डिस्कला हातही लागत नाही.

रत्नांग्रीचा_करसल्लागार
आलं परत मिंट.

पेटीवाला_देवगड
जामसंड्यात सेल मिळाला. रात्री बटण बंद केलं होतं, सकाळी तारीख बरोबर. कुरिअरची साईट उघडली. हेलपाटा, पत्ता मेसेज करा, पहिली पेटी तुमची. रॅम ४ जीबी निघाली. आता लेबलं काढायला घेतली तर प्रिंटर कागद ओढत नाहीये. नवीन धागा काढू का?

मालवणी_गजाली
काढ. पण मॉडेल आधी लिव.

जुना_खेळाडू
प्रिंटरच्या रबरी रोलरवर ओलं फडकं फिरवा.