परदेशी शिक्षणात विषय आवड ठरवते की वर्क परमिट?

चौकस: परदेशात शिकल्याने विद्यार्थ्याच्या अभ्यासाच्या आणि नोकरीच्या कल्पना विस्तारतात, असे आपल्याकडे गृहीत धरले जाते. माझ्या मते, निदान अमेरिकेला जाणाऱ्यांच्या बाबतीत त्या निघण्यापूर्वीच आखडलेल्या असतात. पदवीनंतर तेथे ओपीटीवर (विद्यार्थी व्हिसावरच मिळणाऱ्या तात्पुरत्या कामाच्या परवानगीवर) १२ महिने काम करता येते, विषय स्टेममध्ये (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) मोडत असेल तर आणखी २४ महिने मिळतात. शैक्षणिक कर्ज काढलेल्या घराला या जादा दोन वर्षांचा मोह न पडला तरच नवल. तेथील कित्येक विद्यापीठांनी तर अर्थशास्त्राचा अभ्यासक्रमच स्टेमच्या संकेतांकाखाली नेऊन ठेवला.

रानजाई: आपण प्रवेशाच्या वेळचा हिशेब सांगत आहात, शिकताना काय घडते ते नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठात गेले, तेव्हा परतल्यावर बडोदे संस्थानाची दहा वर्षे नोकरी करण्याचा करार त्यांनी केलेला होता; म्हणजे त्यांची वाट आजच्या कर्जदारापेक्षाही अधिक आखलेली होती. तरीही मुख्य विषय अर्थशास्त्र असताना त्यांनी मे १९१६ मध्ये गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात जातिसंस्थेवर निबंध वाचला. बडोद्याची नोकरी टिकली नाही (का, ते येथे सांगायला नको), निबंधाचा विषय मात्र जन्मभर टिकला.

चौकस: दाखला मोठा आहे, पण येथे लागू पडत नाही. त्यांच्याकडे तीन वर्षांची शिष्यवृत्ती होती. आजचे एमएस दीड-दोन वर्षांत उरकते, पहिल्याच सत्रात इंटर्नशिपचे अर्ज सुरू होतात आणि आवडीखातर घेतलेल्या प्रत्येक क्रेडिटचे डॉलर मोजावे लागतात.

परागंदा: परदेश म्हणजे केवळ अमेरिका नव्हे. जर्मनीत बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षणशुल्क नाही (बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये युरोपीय संघाबाहेरच्यांना २०१७ पासून सत्राला १५०० युरो पडतात), आणि पदवीनंतर नोकरी शोधण्यासाठीचे १८ महिने विषय पाहून दिले जात नाहीत. अभियांत्रिकीचा शेवटचा प्रबंध अनेकदा कंपनीत राहून करता येतो, आणि कित्येकांची पुढची दिशा तेथेच बदलते. अडते ते भाषेपाशी: इंग्रजीतून एमएस्सी केलेल्या, पण जर्मन बेताचीच येणाऱ्या मुलाला लहान गावांतल्या मध्यम कंपन्या सहसा घेत नाहीत, आणि यंत्रउद्योगातल्या कितीतरी नोकऱ्या नेमक्या तेथेच असतात.

चौकस: शुल्क नसले तरी व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये (ज्यातून दरमहा ठरावीक रक्कमच काढता येते अशा खात्यात) वर्षाच्या खर्चाचे ११,९०४ युरो आधी दाखवावे लागतात. मध्यमवर्गीय घर तेही बहुधा कर्जातूनच उभे करते, आणि त्याचा हप्ता दिशा बदलण्याची वाट पाहत थांबत नाही.