शब्दचर्चा: ‘नायट्रो’ म्हणजे नक्की काय? आणि ‘हाय ऑक्टेन’ म्हणजे पॉवरफुल का?

सिडकोकर: पुतण्याशी वाद झालाय. गेममध्ये बटण दाबलं की गाडी सुसाट सुटते त्याला तो नायट्रो म्हणतो, आणि मी अमेरिकेतल्या ड्रॅग रेसिंगचे (सरळ ट्रॅकवरच्या शर्यतींचे) व्हिडिओ बघतो तिथेपण नायट्रोच म्हणतात पण ते तर टाकीत ओततात. दोन्ही एकच का?

अंबडवाला: एकच नाही भाऊ. गेममधलं ते नायट्रस, म्हणजे नायट्रस ऑक्साइड, सिलिंडरमधला गॅस. तो स्वतः जळत नाही, इंजिनात तापून फुटला की ऑक्सिजन सोडतो आणि मग जादा पेट्रोल जाळता येतं एवढंच. ड्रॅगवाल्यांचं नायट्रो म्हणजे नायट्रोमिथेन, ते द्रव आहे आणि इंधनच आहे. घोळ सगळा गेमवाल्यांनी घातलाय.

पंचवटीची ताई: मग मराठीत ‘नत्रमिथेन’ लिहिलं तर?

अंबडवाला: नको ताई, नत्र म्हटलं की आपल्याकडे माणूस थेट द्राक्षबागेत जातो, नत्र-स्फुरद-पालाश. नायट्रोमिथेनच बरं.

सिडकोकर: पण मग नायट्रोत पेट्रोलपेक्षा एनर्जी जास्त असते म्हणून एवढी पॉवर ना?

अंबडवाला: उलट आहे, तिथेच गंमत आहे. किलोमागे नायट्रोची उष्णता पेट्रोलच्या साधारण पाव. पण ते घरून डबा घेऊन आलेल्या कामगारासारखं, ऑक्सिजन रेणूतच असतो, त्यामुळे हवा फार लागत नाही. एक किलो पेट्रोल पूर्ण जाळायला 14.7 किलो हवा लागते, नायट्रोला 1.7 च्या आसपास. इंजिन एका झटक्यात हवा ठरलेलीच ओढणार ना, तेवढ्याच हवेत नायट्रो आठपटीहून जास्त ओतता येतं आणि पाव गुणिले आठ करून बघा, पेट्रोलच्या दुपटीहून जास्त ताकद निघते. म्हणून टॉप फ्युएलच्या 8.2 लिटरच्या इंजिनातून 11,000 हॉर्सपॉवर निघते असं म्हणतात. अर्धा ट्रॅक जाईपर्यंत प्लगचे इलेक्ट्रोड जळून गेलेले असतात, पुढे इंजिन नुसत्या उष्णतेवर आणि दाबावर पेटत राहतं, बंद करायचं तर इंधनच तोडावं लागतं.

पंचवटीची ताई: टॉप फ्युएल हे इंधनाचं नाव का?

अंबडवाला: नाही, गाड्यांच्या वर्गाचं. त्यात नायट्रो जास्तीत जास्त 90 टक्के, बाकी मिथेनॉल, तसा एनएचआरएचा, म्हणजे अमेरिकेतल्या ड्रॅग रेसिंग संघटनेचा नियम. तपासणी हायड्रोमीटरने, कारण नायट्रो जड असतं, लिटरला 1.14 किलोच्या आसपास, आणि मिथेनॉल 800 ग्रॅमच्याही खाली, घनता मापली की मिश्रण कळतं. तापमान बघून आकडा दुरुस्त करावा लागतो हां, नाहीतर दुपारच्या उन्हात सगळेच प्रामाणिक ठरतील. याच एनएचआरएने 1957 ला नायट्रोवर बंदी घातली होती, नंतर उठवली. आणि नायट्रस? टॉप फ्युएलमध्ये चालतच नाही, ते प्रो मॉड नावाच्या दुसऱ्या वर्गाकडे. म्हणजे नियमाच्या पुस्तकातसुद्धा हे दोन शब्द वेगवेगळ्या खणात आहेत, पुतण्याला सांगा.

सिडकोकर: सांगतो 😄 आणि हाय ऑक्टेन?

अंबडवाला: ऑक्टेन म्हणजे ताकद नाहीच, सहनशक्ती. दाब आणि उष्णता वाढली तरी ठिणगीची ज्योत पोचायच्या आधी आपोआप पेटायचं नाही (तसं पेटलं की इंजिन टकटकतं), हे पेट्रोल किती सोसतं त्याचा आकडा. आयसो-ऑक्टेनला 100 दिले, हेप्टेनला शून्य. अमेरिकन व्हिडिओत पंपावर 87 दिसतं ते आपल्या पद्धतीने मोजलं तर 91 च्या जवळपासच, मोजायची पद्धत वेगळी. ‘हाय ऑक्टेन अ‍ॅक्शन’ लिहिणाऱ्या सिनेमावाल्यांना हे कोणी सांगणार नाही.

सिडकोकर: मग माझ्या 100 सीसीत शंभरवालं टाकू का? कसारा घाटात चढाला टकटक करते.

अंबडवाला: आधी गिअर खाली घ्या भाऊ. चौथ्यात ओढायला लावलं की कुठलीही गाडी टकटकणार. तरीही वाजली तर हेडमधला कार्बन साफ करून घ्या, मग पेट्रोलचं बघू. कंपनीने 91 लिहिलं असेल तर शंभरने पिकअप वाढणार नाही, खिसा तेवढा हलका होईल. आणि नायट्रोचा विचारसुद्धा नको, ते पेट्रोलमध्ये नीट मिसळत नाही, टाकीच्या तळाशी जाऊन बसेल.