सिंगापूरला स्वस्तात काय खायचं? (सोसायटीच्या ग्रुपवरून)

ए-४०२ : नमस्कार मंडळी. दिवाळीनंतर आम्ही दोघं आणि सासूबाई सिंगापूरला चाललोय. टूरवाल्यांकडून नाही, आपलं आपणच. प्रश्न जेवणाचा आहे. मी आणि सासूबाई पक्क्या शाकाहारी, अंडंसुद्धा नाही. ह्यांना सगळं चालतं. रेस्टॉरंटचे दर बघूनच पोट भरलं 😅 कुणी तिकडे राहिलंय का?

बी-१०१ : दशम्या, मेतकूट आणि इन्स्टंट पोहे. विषय संपला.

डी-२०५ : लिटल इंडियात डोसा मिळतो की. टेन्शन नॉट.

ए-४०२ : काका, डोसा तर आपल्या गेटसमोरही मिळतो. एवढं विमानाचं भाडं घालून जायचं, तर तिथली चिनी माणसं रोज खातात ते खायचंय.

सी-७०२ : वहिनी, मी नोकरीसाठी बरीच वर्षं होतो तिथे. ऑर्चर्ड रोडवरचे चकचकीत मॉल फक्त एसीची हवा खायला ठेवा. जेवायला जुने मॉल गाठा.

तुमच्यासाठी मिडल रोडवरचं फॉर्च्यून सेंटर. बुगिस किंवा बेनकुलेन स्टेशनवरून चालत. बाहेरून बघाल तर आत जावंसं वाटणार नाही, पण आत चिनी शाकाहारी खाण्याची दुकानं एकाला एक लागून आहेत. कारण जवळच वॉटरलू स्ट्रीटवर क्वान यिमचं, म्हणजे बौद्धांच्या करुणेच्या देवीचं, देऊळ आहे. तिचे बरेच भक्त चिनी महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या तिथीला शाकाहार करतात, म्हणजे आपल्या अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास. त्या दिवशी गर्दी असते, थोडं लवकर जा. त्या देवळाला लागूनच श्रीकृष्णाचं मंदिर आहे, तिथे चिनी लोकही उदबत्त्या लावून हात जोडतात. सासूबाईंना नक्की दाखवा.

ए-४०२ : वा! पण मागायचं काय?

सी-७०२ : बी हून मागा. तांदळाच्या बारीक शेवया, वर कोबी, तळलेली सोयाच्या दुधाची साय आणि खोटं मटण.

डी-२०५ : खोटं मटण??

सी-७०२ : गव्हाच्या ग्लुटेनचं आणि सोयाचं. दिसायला इतकं हुबेहूब की सासूबाई ताट सरकवून देतील, आधीच सांगून ठेवा 😄 आणि अंडं नको हे तिथेही वेगळं सांगायचं. काही दुकानांत शाकाहारी म्हणजे अंडं चालतं.

दादांसाठी जुन्या मॉलच्या फूड कोर्टातला इकॉनॉमी राइस. आपल्या पोळी-भाजी केंद्रासारखं काम. काचेमागे वीस-तीस ट्रे, तुम्ही बोट दाखवायचं, मावशी भातावर वाढते आणि बघता बघता हिशेब सांगते. दोन भाज्या आणि एक मांसाचा पदार्थ साधारण चार ते सहा डॉलरला. सिंगापूर डॉलरला सत्तरच्या आसपास रुपये धरा. मासा किंवा कोळंबी घेतली की आकडा वर जातो, आणि ट्रेवर किंमत बहुधा नसते, म्हणून आधी विचारा. वर रस्सा घालू का म्हणाली तर हो म्हणा, नाहीतर भात कोरडा लागतो.

पण वहिनी, तुम्ही त्या काउंटरवर हिरवी भाजी बघून भुलू नका. तिच्यात सुकी कोळंबी किंवा कालवांचा ऑयस्टर सॉस असतो, टोफूवर खिमा असतो, आणि वाढायचा डाव सगळ्याला तोच.

बी-१०१ : म्हणून म्हटलं, दशम्या.

ई-६०३ : मी मार्चमध्ये जाऊन आले. दोन गोष्टी सांगते. टेबलावर टिशूचं पाकीट दिसलं की तिथे बसायचं नाही, कुणीतरी जागा धरलेली असते. तुम्हीही तसंच करा. पाकीट जवळ ठेवाच, दुकानात टिशू मिळेलच असं नाही. दुसरं, खाऊन झाल्यावर ट्रे स्वतः उचलून रॅकवर न्यायचा. हलालचा रॅक वेगळा असतो, तिथे दुसऱ्यांची ताटं ठेवायची नाहीत.

सी-७०२ : बरोबर. हॉकर सेंटरमध्ये (एका छपराखालच्या खाण्याच्या टपऱ्या) सप्टेंबर २०२१पासून आणि फूड कोर्टात जानेवारी २०२२पासून ट्रे न उचलल्यास कारवाई होते. पहिल्यांदा लेखी ताकीद, दुसऱ्यांदा ३०० डॉलर दंड.

डी-२०५ : तीनशे डॉलर! आपल्या क्लबहाउसला लावा हा नियम.

सेक्रेटरी : विषयांतर नको. उद्या टाकी साफ करणार आहेत, १० ते १ पाणी बंद. वरचा मेसेज वाचावा.

ए-४०२ : 🙏 आणि साध्या रेस्टॉरंटमध्ये बसलो तर फार फरक पडतो का?

सी-७०२ : पडतो. मेनूवरच्या किमतीपुढे दोन अधिकची चिन्हं दिसली तर १० टक्के सर्व्हिस चार्ज आणि त्यावर ९ टक्के जीएसटी बिलात चढतो. फूड कोर्टात बहुतेक बोर्डावरची किंमत तीच शेवटची. रोख सुट्टे ठेवा, छोट्या दुकानदारांना तेच आवडतं.

चहा-कॉफीचं दुकान वेगळं असतं. नुसतं कोपी म्हटलं की कंडेन्स्ड मिल्कची गोड कॉफी येते. कोपी ओ म्हणजे बिनदुधाची, साखर मात्र असते. साखरही नको तर कोपी ओ कोसोंग.

ए-४०२ : सासूबाई विचारतायत, चॉपस्टिकनेच खावं लागतं का?

सी-७०२ : छे. भाताबरोबर सगळे चमचा-काटाच घेतात. चॉपस्टिक नूडल्सला, आणि तिथेही चमचा मिळतो.

डी-२०५ : आणि दादांसाठी बिअर?

सी-७०२ : मिळते काका, पण ती जेवणापेक्षा महाग पडेल.