एपीटीटी (रक्त गोठायला लागणाऱ्या वेळेची तपासणी) वाढलेला, तरी गुठळीचा धोका? लुपस अँटिकोॲग्युलंटबद्दल विचारायचंय

सातारकर_भाऊ
बहीण ३१ वर्षांची. पहिलं बाळ अडीच महिन्यांवर गेलं, दुसरं पाचव्या महिन्यात पोटातच. गेल्या महिन्यात डाव्या पायात गुठळी झाली. हेपारिन (गुठळी रोखणारं इंजेक्शन) चालू असतानाच रक्त घेतलं. एपीटीटी ५६ सेकंद (कंट्रोल ३०), पीटी (गोठण्याचीच दुसरी तपासणी) नॉर्मल, 'लुपस अँटिकोॲग्युलंट पॉझिटिव्ह'. आई म्हणते रक्त पातळ झालंय, डॉक्टर म्हणतात गुठळ्या होतील. नक्की काय? आणि तिला लुपस (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटण्याचा आजार) आहे का?

टेबलावरची_ताई
भाऊ, मी २२ वर्षं लॅबमध्ये कोॲग्युलेशनच्या (रक्त गोठण्याच्या तपासण्यांच्या) टेबलावर काम करते. आधी आईंना धीर द्या. हे नावच फसवं आहे. लुपस अँटिकोॲग्युलंट ही एक अँटिबॉडी (प्रतिकारशक्तीने बनवलेलं प्रथिन) आहे, ती असणाऱ्या बऱ्याच जणांना लुपस नसतो. नळीत रक्त गोठायला फॉस्फोलिपिड (एक स्निग्ध पदार्थ) लागतं, ते ही अँटिबॉडी अडवून धरते, म्हणून नळीत उशीर. शरीरात मात्र तीच गुठळ्या घडवते: पायात, मेंदूत, वारेत.

आम्ही पेशंटचा प्लाझ्मा (रक्तातल्या पेशी काढून उरलेला द्रव) निरोगी प्लाझ्मात निम्मा-निम्मा मिसळतो. रक्त गोठवणारा एखादा घटक कमी असेल तर वेळ लगेच सुधारतो, अँटिबॉडी असेल तर अडून बसतो. मग डीआरव्हीव्हीटी ही गोठण्याची आणखी एक तपासणी. त्यात चक्क घोणशीचं विष असतं! ते थेट दहाव्या घटकाला जागं करतं. जादा फॉस्फोलिपिड घातल्यावर वेळ उतरला, की अँटिबॉडी पकडली.

पण हेपारिनवर घेतलेलं रक्त मला खटकतंय. हेपारिन असलं तरी मिसळून वेळ सुधारत नाही. डीआरव्हीव्हीटीच्या किटमध्ये त्याचा उतारा असतो, तोही एका मर्यादेपर्यंतच. निळ्या बुचाची नळी खुणेपर्यंत भरली होती का, प्लाझ्मा यंत्रात दोनदा फिरवून पेशी वेगळ्या केल्या होत्या का, तेही लॅबला विचारा. प्लेटलेट्स (रक्त गोठायला मदत करणाऱ्या बारीक पेशी) उरल्या तर त्यांचंच फॉस्फोलिपिड अँटिबॉडीला झाकून टाकतं. किती नमुने मी याच कारणासाठी परत पाठवलेत! नर्स चिडतात, पण चुकीचा रिपोर्ट जन्मभर चिकटतो.

किमान १२ आठवड्यांनी तपासणी पुन्हा हवीच. संसर्गातही ही अँटिबॉडी येऊन जाते. सोबत अँटिकार्डिओलिपिन आणि अँटि-बीटा-२ ग्लायकोप्रोटीन या याच गटातल्या दोन अँटिबॉडींच्या तपासण्या करा. तिन्ही पॉझिटिव्ह असतील तर धोका सगळ्यात जास्त.

दोनदा_रडलेली
माझंही असंच झालं होतं. तिसऱ्या वेळी पूर्ण गरोदरपणात ॲस्पिरिन आणि रोज पोटात हेपारिनचं इंजेक्शन. पोट निळंजांभळं झालेलं. लेक आता पहिलीत आहे. बहिणीला सांगा.

सातारकर_भाऊ
ताई, १२ आठवडे झाल्यावर गोळ्या थांबवून रक्त द्यायचं का?

टेबलावरची_ताई
स्वतःहून काही थांबवू नका, पायात गुठळी झालेली आहे. वॉरफरिन (गुठळी रोखणारी गोळी) सुद्धा तपासणीत गोंधळ घालतं, म्हणून कधी रक्त द्यायचं ते रक्तविकारतज्ज्ञांनाच ठरवू द्या. इंजेक्शनवरच असेल तर शेवटच्या डोसनंतर १२ तास जाऊ देऊन, पुढच्या डोसच्या आधी रक्त द्या. आणि फॉर्मवर औषधाचं नाव, डोसची वेळ ठळक लिहा. तो फॉर्म माझ्यासारखी कुणीतरी वाचते.